खर्‍याने आखडलेलं तोंड आणि भूल : श्वासमार्ग तपासताना नेमकं काय बघायचं?

भूलभुलैया (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. हा धागा मुख्यतः भूलशास्त्राच्या रेसिडेंट मंडळींसाठी आणि तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने भूल देणार्‍यांसाठी आहे. बाकीच्यांनीही वाचावा, हरकत नाही.

विषय एकच : सुपारी-तंबाखूने तोंड आखडलेला रुग्ण. विदर्भात खर्रा, इकडे मावा आणि गुटखा. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पीएसीच्या (ऑपरेशनपूर्वीच्या भूल-तपासणीच्या) रांगेत दोन बोटंही न मावणारी तोंडं दिसतातच. गालाचा कॅन्सर घेऊन आलेल्या माणसाचं तोंड सगळेच तपासतात. अडचण होते ती हर्निया, मूळव्याध किंवा मोडलेलं मनगट घेऊन आलेल्या पस्तिशीच्या तगड्या माणसाची. ईसीजी चांगला, हिमोग्लोबिन १४, म्हणून कागदावर 'फिट' असा शेरा पडतो आणि टेबलावर इंडक्शन झाल्यावर (भूल चढवल्यावर) कळतं की लॅरिंगोस्कोपचं (घसा बघून नळी घालायच्या साधनाचं) ब्लेड आत जात नाही. 'स्पायनलच (पाठीत टोचून दिलेली भूल) द्यायचा आहे ना' म्हणून तोंड न बघणं हाही तोच प्रकार. स्पायनल अपुरा पडतो, कधी फार वर चढतो, आणि मग श्वासनळीत नळी घालायची वेळ घाईत येते.

तपासणीत मी चार रस्ते वेगळे मोजतो. मास्कने हवा जाईल का? एलएमए किंवा आय-जेल (स्वरयंत्राच्या वर बसणारी, म्हणजे सुप्राग्लॉटिक, साधनं) बसेल का? लॅरिंगोस्कोपने नळी जाईल का? आणि हे तिन्ही फसले तर गळ्यातून समोरून जाता येईल का? 'डिफिकल्ट एअरवे' असा नुसता शेरा काही सांगत नाही. कोणता रस्ता बंद आणि कोणता उघडा, ते लिहा. खर्‍याच्या तोंडात दुसरा आणि तिसरा रस्ता एकाच कारणाने, एकदमच बंद होतात. या रोगाची खरी गोम ती आहे. एरवी नळी गेली नाही तर एलएमए हाताशी असतो, इथे तोही नसतो.

तोंड उघडण्याचं माप : वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. तीन बोटं ही सोय आहे, माप नव्हे. माझी तीन बोटं आणि एखाद्या बारीक चणीच्या रेसिडेंटची तीन बोटं यांत सहज सेंटिमीटरचा फरक पडतो. प्रौढात चार सेंमी किंवा जास्त असेल तर चिंता नाही. तीनच्या खाली सावध. अडीचच्या खाली मॅकिंटॉश ब्लेड (लॅरिंगोस्कोपचं नेहमीचं वाकडं ब्लेड) आत गेलं तरी नळी फिरवायला जागा उरत नाही आणि आय-जेलही अडतो. दोनच्या खाली कोणत्याही सुप्राग्लॉटिक साधनावर भिस्त ठेवू नये.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एअरट्रॅकच्या ३ नंबरला किमान १८ मिमी लागतात, २ नंबरला १६. किंग व्हिजनच्या नळीची खाच असलेल्या ब्लेडला १८, बिनखाचेच्या ब्लेडला १३. हे आकडे ब्लेड आत सरकण्यापुरते आहेत. शेजारून नळी जायला आणि ती वळायला जागा वेगळी लागते.

मॅलमपटी (तोंड उघडल्यावर घसा किती दिसतो याची चाचणी) : रुग्ण बसलेला, डोकं सरळ, तोंड होईल तेवढं उघडं, जीभ होईल तेवढी बाहेर. आपले डोळे त्याच्या तोंडाच्या पातळीत. मग 'आ' म्हणायला लावून बघा, काय काय दिसतं ते.

पाटील चाचणी (१९८३) : मान पूर्ण मागे, तोंड मिटलेलं, थायरॉइडच्या खाचेपासून हनुवटीच्या हाडापर्यंत. साडेसहा सेंमीच्या वर ठीक, सहाच्या खाली अवघड. हनुवटीखालची जागा लहान असेल तर ब्लेडने दाबलेली जीभ सरकायला वावच राहत नाही, म्हणून हे माप.

मान : एक बोट हनुवटीवर, दुसरं डोक्यामागच्या उंचवट्यावर, आणि मान मागे टाकायला सांगा. हनुवटीवरचं बोट वर गेलं तर मान मोकळी आहे. दोन्ही एका पातळीत राहिली तर मध्यम अडचण. हनुवटीचं बोट खालीच राहिलं तर मान जखडलेली आहे.

बाकीचं प्रतिसादांत बोलू.

दोनशे_मिग्रॅ

सर, एक दुरुस्ती. मॅलमपटी बघताना 'आ' म्हणायला लावायचं नाही. आवाज काढला की मऊ टाळू वर उचलली जाते आणि तीनचा वर्ग दोन दिसतो (वर्ग जितका वरचा तितका घसा कमी दिसतो). मूळ चाचणी आवाजाशिवायच आहे. १९८५च्या मूळ वर्गीकरणात तीनच वर्ग होते, चौथा सॅमसून आणि यंग यांनी १९८७ मध्ये जोडला. मॅलमपटी हे आडनाव मूळचं आंध्रातलं, काम मात्र बोस्टनमधलं. तोंडी परीक्षेत हे विचारतात म्हणून सांगितलं.

भूलभुलैया

बरोबर. 'आ' काढून टाका, चूक माझी.

अक्कलदाढ

दातांच्या बाजूने लिहितो.

या रोगाचं नाव ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारीतलं अरेकोलीन तंतू बनवणार्‍या पेशींना चेतवतं. सुपारीतलं तांबं लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमचं काम वाढवतं आणि कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट विणले जातात. विणलेला हा गोफ शरीराला सहज उकलता येत नाही. म्हणून खर्रा सोडला तरी तोंड आपोआप मोकळं होत नाही. रोग वाढायचा थांबला तरी पुष्कळ. 'सहा महिन्यांपासून सोडलाय' या उत्तराने आजचं माप बदलत नाही.

बोट घालून तपासा. गालाच्या आत उभे, दोरीसारखे पट्टे लागतात. टाळू पांढुरकी, संगमरवरासारखी. पडजीभ आखडून कळीएवढी उरलेली किंवा एका बाजूला ओढलेली. जीभ ओठांच्या फार बाहेर येत नाही, तिखट सोसत नाही, गाल फुगवता येत नाहीत, फुंकर आणि शिट्टी जमत नाही. शिट्टीची चाचणी वॉर्डात फुकट होते.

आमच्याकडे खन्ना-आंद्राडे (१९९५) वर्गीकरण चालतं. दुसर्‍या गटात उघडणं २६ ते ३५ मिमी, तिसर्‍यात १५ ते २५, चौथ्यात १५च्या खाली. दंतवैद्याच्या चिठ्ठीवर 'ग्रेड थ्री' दिसलं तर भूलतज्ज्ञाने त्याचा अर्थ 'एलएमएची खात्री नाही' असा घ्यावा. पण वेगवेगळ्या वर्गीकरणांत 'ग्रेड थ्री'चे अर्थ वेगवेगळे असतात, त्यामुळे स्वतः मोजलेलंच बरं.

मोजताना होणार्‍या दोन चुका. पुढचे दात नसलेल्या माणसात हिरडी ते हिरडी माप येतं आणि ते दात असलेल्यापेक्षा मोठं दिसतं. ते तसं लिहा, नाहीतर दुसरा वाचणारा फसतो. दुसरी चूक म्हणजे रुग्ण मान मागे टाकून तोंड उघडतो आणि माप थोडं जास्त भरतं. एकदा डोकं सरळ ठेवून, एकदा मान मागे टाकून, असं दोनदा मोजा.

आणि हो, या रुग्णांत मॅलमपटीचा वर्ग लिहिणं फारसं अर्थाचं नाही. तोंड १५ मिमी उघडतं आणि जीभ बाहेरच येत नाही, तेव्हा मागचं काही दिसणारच नाही. चौथा वर्ग लिहिला तर तो जबड्याबद्दल बोलतो, घशाबद्दल काहीच सांगत नाही.

नवखा_जेआर

प्रश्न भाबडा वाटेल. रिलॅक्सेंट (स्नायू सैल करणारं औषध) दिल्यावर जबडा सैल पडून तोंड आणखी उघडणार नाही का? वरिष्ठ म्हणतात, 'स्कोलिन दे, उघडेल.'

भूलभुलैया

प्रश्न अजिबात भाबडा नाही. बर्‍याच दुर्घटनांची सुरुवात याच वाक्याने होते.

तोंड का उघडत नाही, यावर उत्तर आहे. दुखण्यामुळे स्नायू आवळले असतील, म्हणजे अक्कलदाढेची सूज किंवा दोन दिवसांपूर्वीचं जबड्याचं फ्रॅक्चर, तर भुलीखाली तोंड बहुधा उघडतं. बहुधा म्हणतोय, नक्की नाही. आठवडाभर पू साचलेला असेल तर स्नायूच कडक होऊन बसतात आणि तोंड उघडत नाही. फायब्रोसिसमध्ये अडथळा स्नायूत नसून तोंडाच्या अस्तराखालच्या कोलॅजनमध्ये आहे, आणि रिलॅक्सेंटचा कोलॅजनशी काही संबंध नाही. १५ मिमी होते, १५ मिमीच राहतात. जबड्याचा सांधा हाडाने जुळलेला असेल किंवा गाठ जबड्याच्या टेरिगॉइड स्नायूत शिरली असेल तरी तेच.

ओळखायचं कसं? किती दिवसांपासून, ते विचारा : दिवस, महिने की वर्षं. दुखतं का, ते विचारा. रुग्णाच्या परवानगीने हलक्या हाताने जबडा थोडा खाली दाबा. दुखण्याचा आवळ असेल तर माणूस कळवळतो आणि जरासं अंतर वाढतं. तंतूंचा किंवा हाडाचा असेल तर भिंतीला टेकल्यासारखं लागतं, वेदना फारशी नाही. मग जबडा डावी-उजवीकडे हलवायला सांगा. सांधा जुळलेला असेल तर हालचाल जवळपास शून्य, फायब्रोसिसमध्ये थोडी राहते.

नियम सोपा ठेवा. भुलीखाली तोंड उघडेल या आशेवर बेत आखायचा नाही. उघडलं तर नफा समजायचा.

दोनशे_मिग्रॅ

यात शुगामाडेक्सची (रोक्युरोनियम या रिलॅक्सेंटच्या उतार्‍याची) भर. 'रोक्युरोनियम दिलंय, जमलं नाही तर लगेच उलटवू' असं हल्ली फार ऐकू येतं. डोस १६ मिग्रॅ प्रति किलो. साठ किलोच्या माणसाला ९६० मिग्रॅ, म्हणजे २०० मिग्रॅच्या पाच कुप्या. त्या फोडून, भरून, टोचेपर्यंत मिनिटं जातात आणि तुमच्या कपाटात पाच असतीलच असं नाही. शिवाय औषध स्नायूचं काम परत आणतं. प्रोपोफॉल (झोपेचं औषध) उतरत नाही आणि सुजलेला घसाही मोकळा होत नाही.

हवा_येऊ_द्या

पहिल्या रस्त्याबद्दल, म्हणजे मास्कबद्दल कुणी काही बोललंच नाही. नळी गेली नाही म्हणून माणूस दगावत नाही, ऑक्सिजन गेला नाही म्हणून दगावतो. पीएसीच्या फॉर्मवर मात्र मॅलमपटीचा रकाना असतो, मास्कचा नसतो.

लाँझेरों यांच्या २०००च्या अभ्यासातली पाच लक्षणं पाठ करा : वय ५५च्या वर, बीएमआय २६च्या वर, दाढी, दात नसणं, घोरणं. यातली दोन असली की मास्कची अडचण गृहीत धरा. मानेला रेडिएशन झालेलं असेल तर ती आणखी वरची पायरी. मान लाकडासारखी होते, जबडा पुढे ओढता येत नाही आणि आत स्वरयंत्र सुजलेलं असतं. रेडिएशन दोन वर्षांपूर्वी झालं तरी हे टिकतं.

खालचा दात वरच्या ओठावर चढवून बघा. ओठाच्या रंगीत कडेच्या वर चढला तर पहिला वर्ग, रंगीत भागातच राहिला तर दुसरा, ओठाला पोचलाच नाही तर तिसरा. ही २००३ची खान यांची चाचणी. सेकंदात होते, काही लागत नाही आणि जबडा पुढे सरकतो का हे सांगते. मास्क धरताना नेमकं तेच हवं असतं.

कवळीवाले आजोबा : कवळी काढायला सांगण्यापूर्वी विचार करा. ती घट्ट बसत असेल तर मास्क धरेपर्यंत तोंडात राहू द्यावी, गाल आत ओढले जात नाहीत. नळी घालताना काढायची आणि ती कुणाच्या हातात दिली हे लिहायचं. दाढी काढायला सांगावी. धर्माचा प्रश्न असेल तर दाढीवर जेली लावून पारदर्शक ड्रेसिंग चिकटवता येतं, तोंडाच्या जागी भोक पाडून. दोन हातांनी मास्क आणि दुसर्‍याने बॅग, ही तयारी आधीच ठेवा, धावपळीत नको.

घोरणार्‍याला स्टॉप-बँगचे आठ प्रश्न विचारा. तीन किंवा जास्त 'हो' म्हणजे स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास थांबण्याची) शक्यता, पाच किंवा जास्त म्हणजे जवळजवळ धरूनच चाला. आणि उत्तरं बायकोला विचारा. नवर्‍याला स्वतःचं घोरणं ऐकू येत नसतं.

संशयात्मा

सगळं ठीक, पण या चाचण्यांचा उपयोग किती? डेन्मार्कच्या २०१५च्या अभ्यासात १,८८,०६४ रुग्ण होते. इंट्युबेशन (श्वासनळीत नळी घालणं) अवघड गेलेल्या ३,३९१ जणांपैकी ९३ टक्के आधी ओळखलेच गेले नव्हते. आणि ज्या ९२९ जणांना 'अवघड' म्हटलं होतं, त्यांतले २२९च खरोखर अवघड निघाले. नाणं उडवण्यापेक्षा हे फार वेगळं वाटत नाही.

भूलभुलैया

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मला पटत नाही.

अवघड इंट्युबेशनचं प्रमाणच कमी असतं. शंभरात पाच-सहा घटना असतील तर कुठलीही चाचणी बरेच खोटे इशारे देणार, हे गणितच आहे. शिवाय नाण्याने शंभरातले पन्नास 'अवघड' ठरवले असते. इथे २५ टक्के इशारे खरे निघाले, म्हणजे एरवीच्या प्रमाणाच्या कितीतरी पट. ९३ टक्क्यांतून मी एवढंच घेतो की चाचणी सरळ आली तरी बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचिक काडी) आणि एलएमए टेबलावर असलीच पाहिजे. सरळ निकालाने तयारी कमी करायची नाही, वाकड्या निकालाने वाढवायची.

ब्रिटनच्या २०११च्या नॅप-४ या श्वासमार्गाच्या दुर्घटनांच्या पाहणीत दुसरीच गोष्ट पुढे आली. काही ठिकाणी तपासणी केलीच नव्हती, आणि काही ठिकाणी केली, अडचण दिसली, तरी बेत तोच ठेवला. मला हा दुसरा प्रकार जास्त खटकतो.

आणि या धाग्यातला रोग तसा गूढ नाहीच. मॅलमपटी दोन की तीन यावर वाद होईल. दातांमधलं अंतर १४ मिमी आहे की नाही, यावर कसला वाद?

संशयात्मा

शेवटचा मुद्दा मान्य. बाकीवर वेगळा धागा काढतो.

नळीवाली

जागेपणी नाकातून फायबरऑप्टिक (लवचिक दुर्बिणीवरून म्हणजे स्कोपवरून नळी घालणं), यावर सविस्तर लिहिते. १५ ते २० मिमीच्या रुग्णात बेत बहुधा तोच असतो.

तपासणी नाकापासून सुरू होते. एक नाकपुडी बंद करून दुसरीने श्वास, मग उलट. चकचकीत स्टीलचा चमचा नाकाखाली धरा, कुठल्या बाजूला जास्त धूसर होतो ते दिसतं. वाकडा पडदा, जुनी नाकाची शस्त्रक्रिया, घोळणा फुटण्याची सवय, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी औषधं) चालू आहे का, हे विचारा. ईएनटीचे सहकारी असतील तर ओपीडीतच बारीक स्कोप घालून घसा बघून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. फायब्रोसिस मऊ टाळू आणि तिच्या खांबांपर्यंत पोचलेला असेल तर मागची वाट अरुंद असते, आणि गाठ असेल तर स्कोपच्या टोकाला रक्त लागून सगळं लाल दिसतं. हे टेबलावर पहिल्यांदा कळू नये.

तयारी : लाळ सुकवणारं ग्लायकोपायरोलेट ०.२ मिग्रॅ स्नायूत, अर्धा-पाऊण तास आधी. हे विसरलात तर लाळेत लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) वाहून जातं आणि घसा बधिर होत नाही. बहुतेक 'फायबरऑप्टिक जमलं नाही'च्या मुळाशी कोरडा न केलेला घसा असतो. नाक मोकळं करणारं झायलोमेटाझोलीन दोन्ही नाकपुड्यांत, पंधरा मिनिटं आधी.

लिग्नोकेनचा हिशोब कागदावर मांडा. ब्रिटिश डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या जागेपणीच्या इंट्युबेशनच्या सूचनांत वरची मर्यादा ९ मिग्रॅ प्रति किलो, तीही चरबी वगळून उरणार्‍या वजनावर. खात्यापित्या घरच्या पोटावर नाही. साठ किलोला ५४० मिग्रॅ. आता जोडा :
४ टक्के, ४ मिली नेब्युलायझरने : १६० मिग्रॅ.
१० टक्क्यांचा स्प्रे, एका दाबाला १० मिग्रॅ, दहा दाब : १०० मिग्रॅ.
क्रायकोथायरॉइड पडद्यातून (गळ्यावर समोर, थायरॉइडच्या खाचेखाली) ४ टक्के, २ मिली : ८० मिग्रॅ.
वरच्या स्वरयंत्र नसेचा ब्लॉक, २ टक्के, प्रत्येक बाजूला २ मिली : ८० मिग्रॅ.
बेरीज ४२०. मर्यादेत आहे, पण नाकात जेलीही लावतो आपण. २ टक्के जेलीच्या पाच मिलीत १०० मिग्रॅ असतात. झाले ५२०. बेरीज न करणारा इथेच घसरतो. वृद्ध, अशक्त किंवा यकृताचा रुग्ण असेल तर मी नसेचा ब्लॉक गाळते.

पडद्यातून टोचताना आधी हवा ओढून बुडबुडे बघा. श्वास सोडल्यावर झटकन औषध ढकला आणि सुई लगेच काढा, कारण रुग्ण जोरात खोकतोच. त्या खोकल्यानेच औषध वर-खाली पसरतं. गळ्यावर गाठ असेल किंवा पडदा हाताला लागत नसेल तर हा भाग वगळा.

झोपेचं औषध कमीत कमी. डेक्समेडेटोमिडीन १ मायक्रोग्रॅम प्रति किलो, दहा मिनिटांत; नाडी मंदावते, त्यावर लक्ष ठेवा. मिडाझोलम, फेंटॅनिल, प्रोपोफॉल असा थर लावून 'जागेपणी' करणारे असतात. माणूस ना धड जागा, ना धड झोपलेला, आणि श्वास बंद. नाकातून ऑक्सिजन सगळा वेळ चालू ठेवा.

नळी : पुरुषाला ६.५, बाईला ६, फ्लेक्झोमेटॅलिक (आत तार असलेली, न दुमडणारी), कोमट सलाइनमध्ये मऊ केलेली. स्कोप श्वासनळीत, समोर कॅरिना (श्वासनळी दुभागते ती जागा) दिसते आहे, पण नळी पुढे सरकत नाही, हा नेहमीचा अडथळा. नळीचं टोक स्वरयंत्राच्या उजव्या ॲरिटेनॉइड कूर्चेला अडतं. ढकलू नका. एक-दोन सेंमी मागे घ्या, नळी घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरवा, रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा आणि मग सरकवा. जाड नळी आणि बारीक स्कोप यांच्यामधली फट जितकी मोठी तितकं हे जास्त होतं. कॅप्नोग्राफवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणार्‍या यंत्रावर) सलग लाटा दिसल्या की मगच भूल.

ओटी_टेक

ट्रॉलीबद्दल एक विनंती. केस सुरू होण्याआधी स्कोप चालू करून फोकस बघा, अँटीफॉग लावा, सक्शन जोडून पाणी ओढून बघा. नळी स्कोपवर आधीच चढवून वरच्या टोकाला चिकटपट्टीने धरून ठेवायची. स्कोप आत गेल्यावर 'नळी कुठाय' नको. सक्शन दोन हवेत : एक तोंडाला, एक स्कोपला.

अक्कलदाढ

लहान मुलांचं राहिलं. हनुवटीवर पडून सांधा जुळलेली मुलं. कानाचा जुना पू हेही कारण असतं. खालचा जबडा वाढलाच नाही, हनुवटी पक्ष्यासारखी मागे, रात्री घोरणं आणि दचकून उठणं. तोंड ५ मिमी. हे प्रौढाचं लहान रूप समजू नका.

नळीवाली

सहमत. पूर्ण जागेपणी हे मूल स्कोप घालू देत नाही. तिथे स्वतःचा श्वास चालू ठेवून, सेव्होफ्लुरेन या हुंगायच्या भुलीवर, लहान स्कोपने, आणि ईएनटी सर्जन हात धुऊन शेजारी. आठ वर्षांखाली क्रायकोथायरॉइड पडदा इतका छोटा असतो की ब्लेडने गळ्यातून जाण्याचा मोठ्यांचा रस्ता तिथे चालत नाही. ट्रेकिओस्टोमी (गळ्यातून श्वासनळीला भोक) करणारा माणूस खोलीत हवा, फोनवर नको. ही सोय नसेल तर केस पुढे पाठवणं हाच बेत, आणि त्यात कमीपणा कसला?

भूलभुलैया

चौथा रस्ता : गळा. रुग्ण पीएसीला आल्यावर गळ्याला हात लावणारे फार कमी.

मान मागे टाकून वरून खाली बोट फिरवा. थायरॉइडची खाच, तिच्याखाली खळगा, खळग्याखाली क्रायकॉइडची कडी. तो खळगा म्हणजे क्रायकोथायरॉइड पडदा, प्रौढात उंचीला जेमतेम एक सेंटिमीटर. बायकांत आणि जाड मानेत अंदाज वारंवार चुकतो. अल्ट्रासाउंड असेल तर त्यावर बघून पेनाने खूण करा. मान मागे टाकलेल्या स्थितीतच खूण करायची, कारण मान सरळ केली की कातडी सरकते आणि खूण जागेवर राहत नाही.

भाजून मान छातीला चिकटलेला रुग्ण असेल तर हा रस्ताही बंद. तिथे बधिर करून आधी कातडीचा पट्टा सोडवायचा, मान मोकळी झाली की मग नळी. मोठ्या गलगंडात छातीचा एक्स-रे आणि सीटी बघा, श्वासनळी कुठे सरकलीय, किती दबलीय. दोन्ही हात कानांना लावून वर धरायला सांगा. मिनिटभरात चेहरा लाल होऊन फुगला तर गाठ छातीत उतरलेली आहे.

अखिल भारतीय डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६च्या सूचना भिंतीवर लावा. लॅरिंगोस्कोपीचे जास्तीत जास्त तीन प्रयत्न, प्रत्येक प्रयत्नाआधी सॅच्युरेशन ९५ किंवा वर. सुप्राग्लॉटिकचे दोन. मग पूर्ण रिलॅक्सेशनखाली मास्कचा एक शेवटचा प्रयत्न. तोही फसला तर गळा. सगळा वेळ नाकातून १५ लिटर ऑक्सिजन. खर्‍याच्या तोंडात सुप्राग्लॉटिकची पायरी नाहीच, म्हणजे शिडीचा एक दांडा आधीच गळालेला आहे. त्यामुळे हा रुग्ण झोपवून सुरुवात करण्यातला नाही.

सामान : १० नंबरचं कापायचं (स्काल्पेल) ब्लेड, बूजी, ६ नंबरची कफवाली नळी. पडद्यावर आडवा छेद, ब्लेड आत ठेवून धार पायांकडे वळवायची, ब्लेडला घासून बूजी आत, बूजीवरून नळी. पडदा हाताला लागत नसेल तर आधी मधोमध उभा छेद, आठ-दहा सेंमी, बोटांनी बाजूला सारत जा.

सामान्य_वाचक

डॉक्टर नाही, तरी वाचतोय. आमच्यासारख्यांनी भूलतज्ज्ञांना काय सांगायचं असतं?

हवा_येऊ_द्या

हलणारा दात, कॅप, कवळी. घोरणं. मागच्या ऑपरेशनच्या वेळी नळी घालताना त्रास झाला होता का, त्याचा कागद. मानेला किंवा तोंडाला शेक (रेडिएशन) दिला होता का. मधुमेह जुना असेल तर दोन्ही हात जोडून नमस्कार करून बघा. बोटं एकमेकांना टेकत नसतील तर ते सांगा, कारण सांध्यांसारखीच मानही आखडलेली असू शकते. आणि खर्रा, मावा, मशेरी जे काही असेल ते बायकोमुलांसमोर सांगायला संकोच वाटत असेल तर त्यांना बाहेर पाठवून सांगा.

नवखा_जेआर

नळी काढताना काय? घालण्यावरच सगळे बोलले.

नळीवाली

चांगली आठवण केलीस. घालताना तुमच्याकडे सकाळ, स्कोप आणि ताजी माणसं होती. काढताना संध्याकाळ, रक्त, सूज आणि तेच १५ मिमी. पट्टे कापून तोंड ३५ मिमीपर्यंत उघडलं असेल तरी आत सूज आहे, त्या मापावर जाऊ नका. पूर्ण जागा, हुकूम पाळतोय, डोकं उचलून धरतोय, रिलॅक्सेंट पूर्ण उतरलंय, घशातला पॅक (रक्त आत जाऊ नये म्हणून भरलेली कापडाची पट्टी) काढून मोजलाय, तेव्हाच. पॅक ठेवल्याची नोंद फळ्यावर करा. शंका असेल तर नळी रात्रभर राहू द्या. जबडे तारेने बांधले असतील तर तार कापायची कात्री रुग्णाच्या उशाशी, कपाटात नाही, आणि कोणती तार कापायची हे रात्रीच्या सिस्टरना दाखवून ठेवा.

भूलभुलैया

आणि जाताना रुग्णाच्या हातात मराठीत चिठ्ठी. डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत 'डिफिकल्ट इंट्युबेशन' लिहिलं तर पुढच्या गावातल्या डॉक्टरला काही कळत नाही. मी सुचवतो तो मजकूर :

'भूल देणार्‍या डॉक्टरांस. या रुग्णाचे तोंड १६ मिमी उघडते, कारण सबम्यूकस फायब्रोसिस. रिलॅक्सेंटने उघडणे वाढले नाही. मास्कने हवा सहज गेली. एलएमए बसणार नाही. जागेपणी उजव्या नाकपुडीतून फायबरऑप्टिकने ६.५ नळी, पहिल्या प्रयत्नात. डावी नाकपुडी अरुंद. क्रायकोथायरॉइड पडदा हाताला नीट लागतो. ही चिठ्ठी प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी दाखवावी.'

खाली तारीख, नाव, फोन. लॅमिनेट करून द्या आणि नातेवाइकाच्या मोबाइलमध्ये फोटो काढायला लावा.